बाळ मागे पडतंय असं वाटतं, तेव्हा आधी कुठे जायचं?

गेल्या महिन्यात या सदरात मुलांच्या वाढीचे टप्पे दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत टप्प्यांविषयीच्या शंका थोड्याच आहेत. बहुतेकांची अडचण त्यापुढची आहे. मूल मागे आहे हे कळलं, पण आता कानाचे डॉक्टर एक सांगतात, फिजिओ दुसरं, शेजारी तिसरं; या सगळ्यांची मोट बांधायची कोणी? म्हणून या वेळी त्याच अंगाची पत्रं निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मुलगा २२ महिन्यांचा आहे. चालतो, धावतो, पण ‘आई’सुद्धा म्हणत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून तिकडे ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, तपासणीचं पथक आलं की दाखवू. तोवर थांबू का?
— एक आई, सिन्नर तालुका

थांबू नका. सासूबाई चुकीचं सांगत नाहीत. काही मुलं खरोखरच उशिरा बोलायला लागतात आणि पुढे छान बोलतात. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही, हे तीन वर्षं उलटल्यावरच कळतं, आणि तोपर्यंत मेंदू सगळ्यात वेगाने शिकतो ती वर्षं निघून जातात. तपासून सगळं ठीक निघालं तर एक दिवस गेला, एवढंच.

सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडता न येणं, ही तपासायला जाण्याची कारणं आहेत. आधी येत असलेला शब्द किंवा टाटा करणं बंद पडलं, तर मूल कोणत्याही वयाचं असो, त्याच आठवड्यात दाखवा.

तुमच्या पत्रातलं ‘हात धरून ओढत नेतो’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. घरी दोन दिवस नीट बघा. फळीवरचा डबा हवा असेल तेव्हा तो बोटाने दाखवतो का, आणि दाखवून झाल्यावर मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघतो का? आकाशात विमान गेलं तर ‘बघ बघ’ अशा अर्थाने तुम्हाला दाखवतो का? हवी ती वस्तू मिळवण्यासाठी हात ओढणं वेगळं आणि आवडलेली गोष्ट तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करणं वेगळं. दुसरी गोष्ट दिसत नसेल, तर ते तपासणाऱ्याला आपणहून सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची, ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता बघणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली असते. तीन किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात. ती चाळणी आहे, निदान नाही. तिच्यात गुण जास्त आले म्हणून मुलाला ऑटिझम आहे असं कोणी सांगितलं, तर ते घाईचं आहे.

मात्र सगळ्यात आधी कान. बोलत नाही म्हणून स्पीच थेरपी सुरू केली, सहा महिने केली आणि मग कळलं की मुलाला नीट ऐकूच येत नाही, असं वारंवार घडतं. ‘ताट पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ हा पुरावा नाही. मोठा आवाज, जमिनीतून येणारा हादरा, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेली हालचाल यांनीही मूल दचकतं. बोलणं समजायला लागणारे ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज ऐकू येतात का, हे ताटाच्या आवाजावरून कळत नाही.

कानाच्या दोन तपासण्या ऐकाल. ओएई काही मिनिटांत होते. कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद बघतात. बेरा तपासणीत आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते कळतं, आणि त्यासाठी मूल झोपलेलं लागतं. इथेच लोकांच्या फेऱ्या वाया जातात. मूल एसटीत झोपतं, दवाखान्यात पोचल्यावर टक्क जागं होतं आणि पुढची तारीख मिळते. म्हणून त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, गाडीत गप्पा मारत जागं ठेवा आणि दूध-भात तिथे पोचल्यावर भरवा. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. कपाळाला आणि कानामागे तेल असेल तर तारांच्या चकत्या चिकटत नाहीत. सर्दीने कान भरलेला असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या.

जायचं कुठे? पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघण्याची सक्ती नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तुम्ही थेट जाऊ शकता. ताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भ चिठ्ठी घेतली तर काम सोपं होतं. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: कान तपासणारे ऑडिओलॉजिस्ट कोणत्या वारी असतात आणि बेराचं मशीन चालू आहे का. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला आणि आधार न्या. मोबाइलवर मुलाचे दोन छोटे व्हिडिओही न्या: एक खेळतानाचा, एक काहीतरी मागतानाचा. नव्या जागी मूल बुजतं, त्यामुळे घरी करतो ते तिथे करत नाही.

तारीख मिळेपर्यंतही घरी काम सुरू करता येतं. मोबाइल आणि टीव्ही पूर्ण बंद, जेवतानासुद्धा. बोलताना खाली बसा, तुमचं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे. आवडता खाऊ झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि डबा त्याच्या हाती द्या. तो तुमच्याकडे येईल. तेव्हा ‘उघड’ असा एकच शब्द म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबा. तो आवाज काढेल, बघेल, हात पुढे करेल. यातलं काहीही केलं की लगेच उघडून द्या. ‘बोल, मगच देईन’ असं अडवू नका, त्याने मूल रडतं आणि मागणंच सोडून देतं. या सगळ्यात आईवडिलांना सर्वात जड जातं ते मधलं थांबणं. बहुतेक जण दोन सेकंदांत स्वतःच बोलून मोकळे होतात.

मुलगी ३१ व्या आठवड्यात झाली, वजन १४०० ग्रॅम. २४ दिवस काचेच्या पेटीत होती. आता नऊ महिन्यांची आहे. अजून बसत नाही, पाय ताठ करते. डोळे, कान, मेंदू, फिजिओ असे चार ठिकाणचे कागद झाले आहेत. एका ठिकाणी रोज व्यायाम सांगितले, दुसरीकडे म्हणाले घाई नको. माझी नोकरी पाळीची आहे. काय धरायचं, काय सोडायचं?
— एक वडील, इचलकरंजी

आधी तिचं खरं वय काढू. चाळीस आठवड्यांतून ३१ गेले, राहिले नऊ. म्हणजे ती साधारण दोन महिने लवकर आली. नऊ महिन्यांतून ते वजा केले की विकासाच्या हिशेबाने ती सात महिन्यांची आहे. पहिली दोन वर्षं टप्पे याच वयाने मोजायचे. बरीच मुलं सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय बसतात, त्यामुळे नुसतं न बसणं ही आज काळजीची गोष्ट नाही. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या. दोन महिने वजा करून लसी पुढे ढकलणं ही नेहमी होणारी चूक आहे.

ताठ पाय मात्र सोडून देण्यासारखे नाहीत. चार गोष्टी बघा. उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का? अंगठा मुठीत आत दाबलेला राहतो का? एकाच हाताने वस्तू घेते का? पालथी झोपवली की मान उचलून धरत नाही का? या वयात डावं-उजवं ठरलेलं नसतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताला अडचण असू शकते. यातलं काही असेल तर ‘घाई नको’ हा सल्ला मागे ठेवा आणि फिजिओथेरपी चालूच ठेवा. त्यासाठी निदानाचं नाव पक्कं होण्याची गरज नसते. व्यायाम निदानासाठी नाही, ताठरपणासाठी आहे.

एक गोष्ट तातडीची. झोपेतून उठल्यावर तिचं अंग झटका बसल्यासारखं दुमडतं का, मान खाली जाते, हात पुढे फेकले जातात, आणि असं ओळीने पाच-दहा वेळा होतं का? बघणाऱ्याला वाटतं पोटात मुरडा आला किंवा बाळ दचकलं. हा फिटचा एक प्रकार असू शकतो. तो साधारण तीन ते बारा महिन्यांत दिसतो आणि त्यावरच्या उपचारात गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो. मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आता चार ठिकाणच्या कागदांचं. बाजारातून चाळीस पानी फाइल आणा आणि सगळं त्यात तारखेनुसार लावा, सर्वांत जुना कागद खाली. वरच्या पानावर तुमच्या हाताने लिहा: किती आठवड्यांची, वजन किती, किती दिवस पेटीत, रडली केव्हा, कावीळ किती झाली होती, फिट आली होती का, चालू औषधं कोणती. नवा डॉक्टर हेच विचारतो आणि पालक दर वेळी थोडं वेगळं सांगतात. दुसऱ्या पानावर चार रकाने: तारीख, कोणाला दाखवलं, त्यांनी काय सांगितलं, पुन्हा केव्हा. एवढ्यानेच दोघांचे सल्ले कुठे भिडतात ते दिसतं. ते पान पुढच्या वेळी दोघांनाही दाखवा. तोंडी सांगितलं तर प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो. लिहिलेलं बघितलं की बहुधा एकमेकांना फोन करतात.

मुख्य डॉक्टर एकच ठेवा, आणि तो बालरोगतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ असावा. बाकी सगळ्यांचे अहवाल त्यांच्याकडे जायला हवेत. त्यांना तीन गोष्टी मुद्दाम विचारा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पूर्ण झाली का? मुदतीआधी आणि २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांची पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांत करतात, पण पडदा पूर्ण वाढेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी लागते. ‘एकदा दाखवलं’ एवढं पुरत नाही, आणि नंतरही तिरळेपणा आणि नंबर बघावाच लागतो. दुसरं, पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा झाली का? अशा बाळांमध्ये ओएई बरोबर येऊनही पुढच्या नसेत दोष असू शकतो. तिसरं, थायरॉइड तपासलं का आणि लोहाचे थेंब चालू आहेत का? दोन्ही स्वस्तातल्या गोष्टी आहेत आणि दोन्ही राहून जातात.

तुमच्या पाळीबद्दल. चार ठिकाणी चार वारी जाणं कोणालाच जमणार नाही, आणि न जमलं की सगळंच सुटतं. डीईआयसीच्या व्यवस्थापकाला किंवा समाजसेवा अधीक्षकांना सांगा की फिजिओ, कान आणि बालरोगतज्ज्ञ एका दिवशी बसवून द्या. ते मागितल्याशिवाय कोणी देत नाही, पण मागितलं तर बहुतेक ठिकाणी करतात. फिजिओकडे आठवड्यातून एकदा जाणं जमलं तरी चालेल, अट एकच: प्रत्येक भेटीत ‘घरी रोजच्या कोणत्या कामात हे करू?’ हे विचारून, स्वतःच्या हाताने करून दाखवून यायचं. आठवड्यात एक तास थेरपी आणि उरलेले दिवस काहीच नाही, याने फरक पडत नाही. एका वेळी दोन-तीन उद्दिष्टं पुरे.

रोजच्या कामातलं म्हणजे काय? तिला कडेवर घ्या, दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना. आपल्याकडे बायका पूर्वापार घेतात तसंच. ताठ पायांना ती उत्तम बैठक आहे, पाय आपोआप फाकतात. दोन्ही पाय एकत्र आवळून, छातीशी आडवं धरून फिरवू नका. लंगोट बदलताना घाईने पाय ओढू नका. गुडघे हलकेच पोटाशी न्या, क्षणभर थांबा, मग बाजूला करा. बसवताना भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, मागे दोन भिंती आणि पुढे पाटावर खेळणं. कपड्याची वळकटी छातीखाली देऊन दिवसातून पाच-सहा वेळा, पाच-पाच मिनिटं पालथं ठेवा, दूध पिऊन झाल्यावर लगेच नाही. भरवताना सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो.

आणि वॉकर आणू नका. आत बसवून ढकलत न्यायचा तो चाकांचा प्लास्टिकचा सांगाडा. त्यात मूल टाचा उचलून चवड्यांवर ढकलतं आणि ताठ पाय आणखी ताठ होतात. लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो स्वतः उभं राहता येणाऱ्या मुलाने मागून ढकलायचा असतो. तुमच्या मुलीचं ते वय अजून लांब आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. पथकाने माझ्या केंद्रातल्या दोन मुलांना जिल्ह्याला पाठवायला सांगितलं. एका आईला दोनदा सांगितलं, ती ‘हो’ म्हणते पण जात नाही. दुसरी एकदा जाऊन आली आणि पुन्हा गेली नाही. मी काय करणं अपेक्षित आहे?
— एक ताई, जव्हार

ताई, ही पथकं ज्या कार्यक्रमातून येतात, त्याच्याशी तुमच्या जिल्ह्याचा जुना संबंध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी शोधणं हे पथकाचं काम. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. शोधून काढेपर्यंतची व्यवस्था चांगली आहे. चिठ्ठी हातात दिल्यापासून जिल्ह्याच्या दारापर्यंतचं अंतर मात्र कोणाच्याच नावावर नसतं, आणि मुलं तिथेच गळतात. तुम्ही ते अंतर धरताय, म्हणून हे सविस्तर.

‘हो’ म्हणून न जाणाऱ्या आईच्या घरी संध्याकाळी, सासू किंवा नवरा घरात असताना जा. जायचं की नाही हे ठरवणारं माणूस बहुधा आई नसतं. मुलाला काय ‘झालंय’ हे सांगू नका, तो शब्द आपण उच्चारायचा नाही. काय दिसतं ते सांगा: ‘बाकीची मुलं या वयात हाक मारली की वळतात, हा वळत नाही. कान तपासून घेऊ.’ वेडा, मंद, अपंग यांपैकी एकही शब्द निघाला तर ते घर कायमचं बंद होतं. मग अडचण विचारा. रोजगार बुडतो, गाडी सकाळी एकच, धाकट्याला ठेवायला कोणी नाही, ही खरी कारणं असतात. पथकाच्या गाडीतून किंवा आशाताईंच्या सोबतीने नेता येईल का, ते पथकाच्या डॉक्टरांना विचारा. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खोलीत, कोणाला भेटायचं हे कागदावर लिहून द्या. ‘जिल्ह्याला जा’ म्हणजे तिच्यासाठी एक भलीमोठी इमारत आणि रांगा.

दुसरी आई एकदा गेली आणि सुटली, त्याचं कारण बहुधा हे: तिथे तपासणी झाली, औषध मिळालं नाही, ‘पुढच्या महिन्यात या’ सांगितलं, तिला वाटलं काही उपयोग नाही. विलंबावर गोळी नसते, हे तिला कोणी सांगितलंच नाही. तिला सांगा की तिथे आपल्याला शिकवतात आणि करायचं घरी असतं. तिने आणलेला कागद वाचा, त्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती केंद्रात रोज करा.

आणि त्या मुलांना केंद्रात येऊ द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. ओळखणं, केंद्रात सामावून घेणं आणि पुढे पाठवणं या तिन्हींचा त्यात समावेश आहे. ‘आधी नीट होऊ दे, मग आण’ असं म्हणायला जागा नाही. ओळीत दुसरा बसवा, शेजारी बोलकं मूल द्या. न बोलणाऱ्याला कविता म्हणायला उभं करू नका, टाळी वाजवायचं काम द्या.

मुलगी साडेतीन वर्षांची, ऑटिझम सांगितला आहे. प्रमाणपत्र आणि कार्ड हातात आल्याशिवाय थेरपी सुरू होत नाही का? निरामय म्हणजे काय?
— एक आई, लातूर

थेरपी आणि प्रमाणपत्र यांचा काही संबंध नाही. थेरपी आज सुरू करा, प्रमाणपत्र सवलतींसाठी लागतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, मग रुग्णालयातून तपासणीची तारीख येते. मुलीचं नाव आधार आणि जन्मदाखल्यावर अक्षर न् अक्षर सारखं असायला हवं, अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. लहान वयात तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिने आधी नूतनीकरणाला लागा. बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंदीवर मिळतात.

निरामय ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. आधीपासूनची स्थिती म्हणून नाकारत नाहीत, थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत बसतो. दरवर्षी नूतनीकरण लागतं. थेरपीचं प्रत्येक बिल सही-शिक्क्याचं घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडा, नाहीतर दावा परत येतो.

ऑटिझमसाठी स्टेम सेल (मूळपेशी) उपचार सुचवला आहे, खर्च काही लाख. करावा का?
— एक वडील, नागपूर

नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेल हा ऑटिझमचा मान्य उपचार नाही. नोंदणीकृत, मंजूर चाचणीबाहेर तो देता येत नाही, आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागत असेल तर ती चाचणी नाही, हे तिथेच स्पष्ट झालं. ते लाख थेरपीला, येण्याजाण्याला आणि घरात मदतीला एक बाई ठेवायला वापरा.

आम्ही न्यू जर्सीत आहोत. मुलगा २० महिन्यांचा, सात-आठ शब्दच आहेत. डे-केअरच्या बाईंनी अर्ली इंटरव्हेन्शनला (तिथल्या शीघ्र हस्तक्षेप सेवेला) फोन करा म्हटलं. घरी मराठी बोलणं थांबवावं का? तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सगळं बंद होतं असं ऐकलं.
— एक आई, एडिसन

फोन करा, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पालक स्वतः कळवू शकतात. तिथला शून्य ते तीन वर्षांचा कायदा १९८६ पासूनचा आहे. त्याची एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनीही समजून घेण्यासारखी आहे: प्रत्येक कुटुंबाला समन्वयक देणं बंधनकारक आहे. वरच्या पत्रांतले आईवडील जी फाइल स्वतः सांभाळतात, ते काम तिथे पगारी माणसाकडे असतं. कळवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन कुटुंबाचा लेखी आराखडा ठरवण्याची बैठक व्हायला हवी. पहिल्या फोनची तारीख लिहून ठेवा, म्हणजे पंचेचाळीसावा दिवस कोणता ते कळेल. आराखड्याचा सहा महिन्यांनी आढावा होतो, पण तुम्ही मध्येच मागितला तरी घ्यावा लागतो.

बैठकीत ‘बोलायला यावं’ असं मोघम उद्दिष्ट लिहू देऊ नका. ‘जेवताना दोन वस्तूंतली एक शब्दाने किंवा खुणेने मागेल’ असं लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी झालं की नाही सांगता येतं. थेरपिस्ट घरी येतात तेव्हा आजी-आजोबांनाही बसवा, कारण दिवसभर मूल त्यांच्याकडे असेल तर करायचं त्यांनाच आहे.

मराठी थांबवू नका. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. ‘दूध’ येत असेल आणि ‘मिल्क’ येत नसेल तरी तो शब्द आलाच. तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी अशी तरतूद आहे, म्हणून मराठी दुभाष्या आधीच मागा. आणि कान इथेही पहिले. जन्मल्यावरची कानाची तपासणी बरोबर होती, तरी आता पुन्हा करून घ्या.

तिसऱ्या वाढदिवसाला सेवा संपते हे खरं. पुढची जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे जाते. वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी संक्रमणाची बैठक व्हायला हवी. ती दोन वर्षं सहा महिन्यांनाच मागून घ्या. वाढदिवस जूनमध्ये असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे लोक भेटत नाहीत आणि मूल तीन महिने कशातच नसतं. मध्ये भारतात परत येणार असाल, तर मूळ अहवाल, आराखडा आणि कानाच्या तपासणीचा आलेख छापील घेऊन या. इथल्या डॉक्टरांना तिथल्या पोर्टलचा पासवर्ड उपयोगाचा नाही.